टकटकबाई परीक्षेला बसतात

कोर्टाच्या मागच्या फाटकाला लागून, पत्र्याच्या छपराखाली टायपिस्टांची ओळ होती. एके काळी तिथे अकरा टेबलं होती, आता चारच उरली होती. त्यातलं भिंतीकडचं शेवटचं टेबल टकटकबाईंचं. हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते कोणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं घट्ट चिकटलं होतं की नव्याने आलेल्या एका वकिलाने ते त्यांचं खरं आडनाव समजून अदबीने लग्नाच्या पत्रिकेवर घातलं होतं. बाईंनी त्याला सांगितलं नाही. कोणाची चूक दाखवून देणं हा त्यांचा धंदा नव्हता.

ज्या म्हाताऱ्या टायपिस्टने त्यांना हे काम शिकवलं, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे बघ पोरी, वकील बोलेल ते टाइप करायचं. बोटं बरोबर आणायची आणि डोकं घरी ठेवून यायचं." यात तथ्यही होतं. यंत्रावर एक शब्द बदलायचा म्हणजे पान काढा, नवे कागद घाला, मधले कार्बन सरळ बसवा आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करा. बाहेर अशिलं ताटकळलेली, आत न्यायाधीश खुर्चीवर यायची वेळ झालेली, आणि अशात टायपिस्टने मान वर करून "साहेब, हे असं कसं?" विचारलं, तर साहेब उद्यापासून शेजारच्या टेबलावर. बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली आणि बावीस वर्षं ब्र काढला नाही. घटस्फोट, वाटण्या, अपघात, दत्तकविधान, सगळं त्यांच्या बोटांतून गेलं आणि डोक्याला शिवलंसुद्धा नाही. निदान त्यांची तशी समजूत होती.

मग एक दिवस ती निवृत्त नर्स आली. सत्तरीची, काटक, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली. पुतण्या तिला राहत्या घरातून बाहेर काढू बघत होता आणि त्याला थांबवायला कोर्टाचा मनाई हुकूम हवा होता. वकील घाईत होते. चहा पिता पिता त्यांनी मजकूर सांगितला, "अर्जदार ही घर क्रमांक सतरा येथे राहत असून..." बाईंच्या डाव्या हाताशी त्याच प्रकरणाचे कागद होते. त्यांतल्या घरपट्टीच्या पावतीवर ठळक अक्षरांत सत्तावीस होतं. बाईंची बोटं अर्धा क्षण थांबली. नर्स समोरच बसली होती, पण तिला कमी ऐकू येत होतं. बाईंनी सतरा टाइप केलं.

हुकूम मिळाला. सतरा नंबरच्या घरातून कोणालाही काढू नये असा पक्का, शिक्क्याचा हुकूम. सतरा नंबरात एक पेटीमास्तर राहत होते आणि त्यांना काढायचं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. सत्तावीस नंबराला पुतण्याने खुशाल कुलूप ठोकलं. चूक निस्तरायला चार महिने गेले आणि ते चार महिने नर्सने एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात खाटेवर काढले.

नवं प्रतिज्ञापत्र करायला ती पुन्हा बाईंच्याच टेबलावर आली. बाईंना तोंड वर करवेना. शेवटी त्या कशाबशा म्हणाल्या, "मागच्या वेळी चुकलंच ते."

नर्सने त्यांच्या हातावर थोपटलं. "तुमचा काय दोष हो त्यात? तुम्ही तर फक्त टाइप करता."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता त्यांनी जाहीर केलं, "अहो, मला वकील व्हायचंय."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस शांत, वर-खाली बरंच बघितलेला. त्याने कप खाली ठेवला. "कोणावर केस करायचीय?"

"कोणावर नाही. मला बोलायचंय."

"घरात बोलतेस ते कमी पडतं का?"

"चेष्टा नको. तिथे वकिलाला बोलायचा हक्क असतो, टायपिस्टला नसतो. मला दिसलं होतं हो ते. मला दिसलं आणि मी गप्प बसले." असं म्हणून बाई रडायला लागल्या आणि चहा गाळणीबाहेर गेला. नवऱ्याने फडका आणला, ओटा पुसला, आणि परीक्षा कधी असते तेवढंच विचारलं.

परीक्षा मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी होती. गावात लॉ कॉलेज एकच. त्याचा संध्याकाळचा वर्ग नोकरीधंदा करणाऱ्यांसाठी होता. जागा साठ. आणि नोटीस बोर्डावर खाली बारीक टाइपात लिहिलं होतं की संध्याकाळच्या वर्गाला हा शेवटचाच प्रवेश, पुढल्या वर्षापासून वर्ग फक्त दिवसा. दिवसा बाईंना टेबल सोडणं शक्य नव्हतं. म्हणजे संधी एकच, आणि हातात महिने पाच. लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली पदवी होती, ती पत्र्याच्या डब्यातून निघाली. वय सेहेचाळीस.

फोटो स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर प्रवेशपरीक्षेचा क्लास होता. क्लासचे सर जेमतेम सव्वीस वर्षांचे. त्यांनी पहिल्याच दिवशी चाळीस प्रश्नांची चाचणी घेतली. बाईंना अकरा पडले. सरांनी पेपर पुढे ओढला आणि ते वाचतच बसले.

"ताई, हे काय आहे?"

प्रश्न साधा होता. एकाने शेजाऱ्याच्या अंगणात न विचारता विटा रचल्या. वर नियम दिलेला: परवानगीशिवाय दुसऱ्याची जागा वापरणं म्हणजे अतिक्रमण, नुकसान होवो अथवा न होवो. खाली अ, ब, क, ड असे चार निर्णय. बाईंनी त्यांच्याखाली पेन्सिलीने स्वच्छ अक्षरात पाचवा पर्याय घातला होता: "इ) प्रतिवादी गैरहजर. पुढील तारीख." आणि त्यावर बरोबरची खूण केली होती. असा पाचवा पर्याय त्यांनी एकोणीस प्रश्नांना जोडला होता. कुठे "उभयपक्षी तडजोड", कुठे "साक्षीदार फिरला", कुठे नुसतंच "वकील आजारी".

वर्गात हशा पिकला. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "सर, पण असंच होतं. मी रोज बघते."

सर मात्र हसले नाहीत. "ताई, तुम्ही काय होतं ते लिहिलंय. ते शंभर टक्के खरं असेल. पण प्रश्न विचारतोय, काय व्हायला हवं."

जिना उतरताना बाई मधल्याच पायरीवर थांबल्या. मागून येणारी पोरं त्यांना वळसा घालून पुढे गेली. काय व्हायला हवं? बावीस वर्षं त्या कोर्टाच्या आवारात बसत होत्या आणि हा प्रश्न त्यांना एकाही माणसाने विचारला नव्हता. वकिलाने नाही, अशिलाने नाही, त्यांनी स्वतःलाही नाही. आणि इथे एक छापील कागद, कुठल्याशा छापखान्यातून निघालेला, एका टायपिस्टबाईला विचारत होता की तुझ्या मते न्याय काय? चार निकाल समोर मांडून म्हणत होता, निवड. बाईंना आपला हात आपलाच वाटेना. त्या कठडा धरून उभ्या राहिल्या, मग घरी गेल्या आणि तो एकच प्रश्न त्यांनी पाच वेळा वाचला.

त्या दिवसापासून बाईंचं नशीब म्हणा की वेड म्हणा, पालटलं. त्या पहाटे उठून अभ्यासाला बसत. आणि गंमत अशी की त्यांना नवं काही शिकावंच लागलं नाही. सगळे शब्द ओळखीचे होते, फक्त आजवर बंद डब्यांसारखे हाताळलेले. "नैसर्गिक न्यायतत्त्वास धरून" हे त्यांनी आयुष्यात किती हजार वेळा टाइप केलं असेल देव जाणे. डोळे मिटून, एका दमात, एकही अक्षर न चुकता. त्याच्या आत काय आहे हे त्यांना त्या हिवाळ्यात कळलं. आत एवढंच होतं: दुसऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरवू नये, आणि स्वतःच्या भांडणात कोणी स्वतः पंच होऊ नये. बस्स. भांडणाऱ्या पोरांच्या आईला कळेल असं. पण हे कोणीतरी शोधून काढलं, कोणीतरी लिहून ठेवलं, आणि त्याच्यापुढे मोठमोठ्या माणसांनाही थांबावं लागतं, या विचाराने बाईंच्या अंगावर काटा आला.

एका दुपारी हाताशी काम नसताना त्या पहिल्यांदाच टेबल सोडून आत गेल्या आणि कोर्टाच्या मागच्या बाकावर बसल्या. एका मळक्या शर्टातल्या भाजीवाल्याविरुद्ध नगरपालिकेचं काम चाललं होतं. नगरपालिकेचे वकील भरभरून बोलले. मग न्यायाधीशांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि भाजीवाल्याकडे वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" भाजीवाला तत-पप करत राहिला. न्यायाधीश थांबले. अख्खं कोर्ट एका भाजीवाल्याच्या तोंडातून शब्द बाहेर पडायची वाट बघत थांबलं. देवळातही बाईंना कधी असं वाटलं नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला फोन केला आणि काय सांगायचं ते न सुचून "जेवलात का?" एवढंच विचारलं.

चाचण्यांत गुण चढू लागले. अकराचे एकोणीस, एकोणिसाचे अठ्ठावीस. सरांनी एकच मंत्र दिला होता: दिलंय ते खरं धरायचं, आपलं शहाणपण मध्ये आणायचं नाही. बाईंनी तो पाठ केला. पण मग नवंच घोडं अडलं. परीक्षा कॉम्प्युटरवर होती. दहा बोटांनी वाऱ्यासारखी टाइप करणारी बाई, पण इथे टाइप करायचंच नव्हतं. माउस नावाचं एक गुळगुळीत प्रकरण हातात धरून एका बोटाने टिचकी मारायची. मुलगी एका दवाखान्यात केसपेपर काढायला कॉम्प्युटरवर बसायची. ती शिकवायला बसली.

"आई, दाबू नकोस, टिचकी मार. तू खिळा ठोकल्यासारखं करतेस."

"बाकीच्या नऊ बोटांनी काय करायचं?"

"त्यांना सुट्टी दे. बावीस वर्षांत घेतली नाही त्यांनी."

परीक्षेच्या दिवशी नवरा स्कूटरवरून सोडायला आला. फाटकाशी सगळी विशीतली पोरं. एकीने बाईंना आदराने विचारलं, "काकू, तुमची मुलगी कुठल्या खोलीत आहे?" बाईंनी आपलं प्रवेशपत्र दाखवल्यावर तिने जीभ चावली. आत चाळीस कॉम्प्युटर होते. कीबोर्ड काढून ठेवलेले. प्रश्न एकशे वीस, वेळ दोन तास, पडद्याच्या कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ. बाईंनी त्या घड्याळाकडे दोनदा पाहिलं. पण पहिला प्रश्न उघडला, त्यात नियम दिसला, नियमाखाली माणसं दिसली, आणि सगळं शांत झालं. त्या टिचक्या मारत गेल्या. कधी कुत्रा चावलेला पोस्टमन, कधी उधळलेला घोडा, कधी दोघांना विकलेलं एकच दुकान. प्रत्येकाचं ऐकायचं, नियम लावायचा आणि निकाल द्यायचा. आपण चाळीस जणांत बसून सकाळपासून सत्तर माणसांना न्याय दिला, असं मनात येऊन त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले.

एक्क्याऐंशीव्या प्रश्नाला त्यांची टिचकी थांबली. नियम होता: नोटीस मिळाल्याचा दिवस सोडून तीस दिवसांत उत्तर द्यावं. हकीकत होती: भाडेकरूला एकतीस जूनला नोटीस मिळाली, त्याने एकतीस जुलैला उत्तर दिलं. उत्तर मुदतीत आहे का?

एकतीस जून. बाईंच्या डोळ्यांना तारखा आपोआप दिसत. जूनला तीसच दिवस. तीस जून धरावा तर मुदत तीस जुलैला संपते आणि भाडेकरू घराबाहेर. एक जुलै धरावा तर उत्तर शेवटच्या दिवशी पोचलं आणि भाडेकरूचं घर वाचलं. चारी पर्याय ठामपणे होय किंवा नाही म्हणत होते. बाईंनी डावीउजवीकडे पाहिलं. पोरं धडाधड पुढे चालली होती. कुठलातरी पर्याय निवडून त्यांनाही पुढे जाता आलं असतं. एका गुणाचा तर प्रश्न. आणि मंत्रही तोच सांगत होता, दिलंय ते खरं धरायचं.

बाईंनी हात वर केला.

पर्यवेक्षक आले. "काय झालं? कॉम्प्युटर बंद पडला?"

"नाही. या प्रश्नात चूक आहे."

"मॅडम, जे दिलंय ते धरून उत्तर द्यायचं. सूचना वाचल्या नाहीत का?"

"धरते की. पण जो दिवस उगवलाच नाही, तो धरायचा कसा? यात माणसाचं घर जातंय."

"अहो, हे खरं घर नाहीये!" पर्यवेक्षक वैतागून म्हणाले. दोन-तीन माना वळल्या. बाईंना 'राहू द्या' म्हणावंसं वाटलं. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहून घ्या. मी सही करते."

लिहून घ्यायचा फॉर्म केंद्रप्रमुखांच्या खोलीत होता, केंद्रप्रमुख खाली होते आणि फॉर्मवर शिक्का मारणारे आणखी कुठेतरी. या सगळ्यांमागे बाईंनाही फिरावं लागलं आणि त्यात अकरा मिनिटं गेली. कोपऱ्यातलं घड्याळ कोणासाठीच थांबत नव्हतं. वेळ संपली तेव्हा बाईंचे नऊ प्रश्न कोरे राहिले होते.

बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं. तो हेल्मेटचा पट्टा चाळवू लागला. "नऊ प्रश्न?" तो म्हणाला. आणि स्कूटर सुरू करून, "बस मागे."

तीन आठवड्यांनी यादी लागली. साठाव्या माणसाला ब्याण्णव गुण होते, बाईंना नव्वद. मुलीने यादी खालून वर आणि वरून खाली वाचली, जणू तसं केल्याने आईचं नाव त्यात उगवेल. बाई कॉलेजच्या पायऱ्यांवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. दुःख झालं तर झालं, त्यात लपवायचं काय? संध्याकाळचा वर्ग आता पुन्हा निघणार नव्हता.

मुलगीच परत येऊन म्हणाली, "आई, ऊठ. तिकडे काहीतरी लावलंय बघ." यादीच्या शेजारी अर्ध्या कागदाची नोटीस होती. प्रश्न क्रमांक एक्क्याऐंशीमध्ये तारखेची चूक आढळून आल्याने तो रद्द करण्यात येत असून सर्व तीन हजार दोनशे चौदा परीक्षार्थींना एक गुण देण्यात येत आहे. खाली सही, शिक्का. बाईंनी ते ओठ हलवत वाचलं. गुण सगळ्यांनाच मिळाल्याने यादी जागची हलणार नव्हती. तीन हजार दोनशे चौदा माणसं. त्यातल्या एकीने हात वर केला होता. हे एवढं मोठं कॉलेज, त्याचा तो छापील प्रश्न, बाईंचं ऐकून मागे सरला होता. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि सहीपर्यंत पुन्हा एकदा वाचलं. आपलं रडणं कधी थांबलं ते त्यांना कळलंच नाही.

सोमवारी टेबलावर गर्दी होती. एक वयस्क वकील आले, सगळे ज्यांना टरकून असत ते. सोबत कारखान्यातला एक कामगार, यंत्रात सापडून दोन बोटं गेलेला. तो स्टुलावर अंग चोरून बसला. बाईंनी कागद चढवले. वकिलांनी घड्याळाकडे बघत सुरुवात केली, "सदर अपघातात अर्जदाराच्या उजव्या हाताची दोन बोटं निकामी झाली असून..."

समोर कामगाराने आपला डावा हात मांडीवर ठेवला होता. पांढऱ्याशुभ्र पट्टीत गुंडाळलेला.

बाईंनी दोन्ही हात यंत्रावरून उचलले. शेजारच्या तिन्ही टेबलांवरच्या टायपिस्टांनी वळून पाहिलं, कारण हे यंत्र मजकुराच्या मध्येच थांबलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"काय झालं?" वकील म्हणाले.

"वकीलसाहेब, हात डावा आहे."

किती लहान वाक्य होतं ते! बाईंना स्वतःचंच नवल वाटलं. एवढ्यासाठी बावीस वर्षं लागली होती. वकिलांच्या कपाळावर आठी चढली. टायपिस्टने त्यांना मध्ये तोडल्याची ही पहिलीच वेळ असावी. त्यांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मग सकाळपासून पहिल्यांदाच त्या कामगाराच्या हाताकडे.

"हो," ते हळू आवाजात म्हणाले. "डावाच आहे. पान बदला."

बाईंनी पान काढलं, कोरे कागद घेतले आणि कार्बन लावायला घेतले. कामगार पुढे सरकून म्हणाला, "बाई, आणखी एक सांगायचं होतं. सांगू का?"

"सांगा ना," बाई म्हणाल्या, आणि वकीलसाहेबही थांबले.